टिक्स आणि ओसीडी एकत्र असतील तर आधी काय हाताळायचे?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा अकरा वर्षांचा. सहाव्या वर्षापासून डोळे मिचकावतो, मधूनच मान उडवतो, घसा खाकरतो. चष्म्याचा नंबर तपासून झाला, अ‍ॅलर्जीची औषधे झाली, शेवटी टिक्स, म्हणजे नकळत पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज, असल्याचे निदान झाले. गेल्या दीड वर्षात वेगळेच सुरू झाले आहे. दाराच्या चौकटीला डावा हात लागला की उजवाही तसाच लावावा लागतो. अक्षर 'बरोबर' येईपर्यंत खोडून पुन्हा लिहितो. जिन्याची शेवटची पायरी उजव्या पायानेच उतरायला हवी. आणि देवासमोर हात जोडले की मनात घाणेरडे विचार येतात म्हणून रात्री रडतो. मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुऑक्सेटिन 20 मिलिग्रॅम सुरू करून पाच आठवडे झालेत, पण मिचकावणे तसेच आहे. आईने विचारले आहे की हे दोन आजार की एकच, गोळी वाढवायची की बदलायची, आणि टिक्सच्या गोळीने मूल सुस्त होते हे खरे का.

गोळीचे आधी सांगतो, कारण ते घाईचे आहे. ती आपल्या मनाने बंद करू नका. मिचकावणे कमी झाले नाही म्हणून ती निकामी ठरत नाही, कारण फ्लुऑक्सेटिन हे टिक्सचे औषधच नाही. ते ओसीडीसाठी, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो (नको ते विचार आणि कराव्याच लागणाऱ्या कृती) त्यासाठी दिले आहे, आणि पुरेशा डोसवर आठ ते बारा आठवडे गेल्याशिवाय ओसीडीवर त्याचा खरा अंदाज येत नाही. तेव्हा पाचव्या आठवड्यात डोळ्यांकडे बघून निकाल लावू नका. चौकट, वही आणि जिना यांकडे बघा.

आता एक की दोन. निदानाच्या कागदावर दोन नावे येतील, पण ती एकमेकांची जवळची नातेवाईक आहेत. हालचालींच्या एकाहून अधिक टिक्स, आवाजाची निदान एक, आणि हे सगळे वर्षाहून जास्त काळ, याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. घसा खाकरणे ही आवाजाची टिक धरली जाते, त्यामुळे तुमच्या मुलाचे वर्णन त्यात बसेलसे दिसते. टूरेट असलेल्या 1374 जणांचा एक मोठा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी ओसीडी होता आणि निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता. उलट बाजूने पाहिले तर ओसीडी असलेल्यांपैकी तीस टक्क्यांपर्यंत लोकांना कधीतरी टिक्स होऊन गेलेल्या असतात. म्हणूनच 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-5 या निदानसूचीत ओसीडीपुढे 'टिक्सशी संबंधित' अशी वेगळी नोंद करण्याची सोय झाली. मेंदूच्या पुढच्या भागातून बेसल गँग्लिया या मेंदूच्या आतल्या भागात जाऊन परत येणारी चेतापेशींची मंडले दोन्हींत गुंतलेली असतात आणि आनुवंशिकतेचाही वाटा आहे. वडिलांना किंवा मामाला लहानपणी काही 'सवय' होती का, हे विचारले की बरेचदा घरात एकदम शांतता पसरते आणि मग कोणीतरी हसते. मोबाइलमुळे झाले, लाड केल्यामुळे झाले, या दोन्ही गोष्टी सोडून द्या.

नाव कोणते यापेक्षा उपचाराला जास्त उपयोगी पडते ते वेगळेच. त्या कृतीच्या आधीच्या क्षणी मुलाच्या आत काय होते? चौकटीला हात लावणे बाहेरून एकच दिसते, आतून ते तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकते. मी मुलाला आईवडिलांसमोर नाही, एकट्याला विचारतो: हात नाही लावला तर काय होईल? कोणी म्हणतो, "आईचा अपघात होईल." ही भीती आहे, नेहमीचा ओसीडी. कोणी म्हणतो, "काही नाही होणार, पण कसंतरी होत राहतं, अर्धवट राहिल्यासारखं." शर्टाची शिवण आतून टोचत राहावी तसे ते असते. त्यात भीती नाही, कसला अर्थही नाही, आणि ते नीट झाल्याशिवाय सुटत नाही. आणि कोणी म्हणतो, "मला कळलंच नाही कधी लावला." ती टिक. दहाच्या आतल्या मुलांना टिकच्या आधीची खाज किंवा ताण अनेकदा ओळखता येत नाही. म्हणून उत्तर मिळाले नाही तर रागावू नका, काही महिन्यांनी पुन्हा विचारा.

तुम्ही लिहिलेले चौकट, पायरी आणि अक्षर हे तिन्ही मधल्या गटातले वाटतात. टिक्ससोबतच्या ओसीडीचा चेहरा बहुधा असाच असतो. तो लवकर सुरू होतो, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त दिसतो, आणि त्यात हात धूत बसण्यापेक्षा समानता, मोजणे, स्पर्श करणे, पुन्हा पुन्हा करणे जास्त असते. जोडीला नको ते हिंसक, लैंगिक किंवा देवाधर्माबद्दलचे विचार.

त्या शेवटच्याबद्दल जरा थांबतो, कारण मूल रडते आहे ते त्याच्यामुळे. देवासमोर घाण विचार येणे हे ओसीडीचे फार जुने लक्षण आहे. ज्याला देवाचे काही वाटत नाही त्याला असा विचार आला तरी तो पुढे जातो. ज्याला वाटते त्याच्याच डोक्यात तो अडकून बसतो. विचार येणे म्हणजे तशी इच्छा असणे नव्हे, हे त्याला एकदा शांतपणे, स्पष्ट शब्दांत सांगा. एकदाच. रोज रात्री "नाही रे बाळा, देव रागावत नाही" असे समजावत बसलात तर ते समजावणेच त्याच्या मंत्रचळाचा भाग होते, आणि आठवड्याभरात ते दहादा लागते. कानाला हात लावून देवाची माफी मागणे, नमस्कार पहिल्यापासून करणे, हीही कृतीच आहे, श्रद्धा नाही. नजर काढणे, अंगारा, देवऋषी यांनी मुलाला एवढेच कळते की घरच्यांनाही आपल्यात काही वाईट शिरल्यासारखे वाटते. टूरेटमध्ये तोंडातून शिव्या निघणे हा प्रकार वेगळा आहे, आणि सिनेमात दिसतो तितका सर्रास नाही. तो दहा-पंधरा टक्क्यांत दिसतो. मनात विचार येऊन रडणारे मूल उद्या शाळेत शिव्या देऊ लागेल अशी भीती बाळगू नका.

आता उपचार. या वयात आणि टिक्स सोबत असताना माझी पहिली पसंती थेरपीला आहे, गोळीला नाही. गोळी आधीच सुरू झाली आहे तर राहू द्या, पण थेरपी आजच शोधायला लागा. ओसीडीसाठीची थेरपी म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, सगळे ईआरपी म्हणतात. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी 1966 मध्ये या पद्धतीने बऱ्या केलेल्या रुग्णांबद्दल लिहिले, तेव्हापासून तिचा गाभा तोच आहे. त्रास देणाऱ्या गोष्टीला ठरवून सामोरे जायचे आणि नेहमीची कृती करायची नाही.

हा आग्रह हवेतला नाही. अमेरिकेत 112 मुलांवर झालेल्या पॉट्स नावाच्या अभ्यासाचे निकाल 2004 मध्ये आले. थेरपी आणि सर्ट्रालिन (फ्लुऑक्सेटिनच्याच गटातले औषध) दोन्ही मिळालेल्यांपैकी 54 टक्के मुले जवळपास लक्षणमुक्त झाली, नुसत्या थेरपीने 39, नुसत्या सर्ट्रालिनने 21 आणि खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीने 4. तीन वर्षांनी त्याच मुलांमधली टिक्सवाली मुले वेगळी काढून पाहिली. त्यांच्यात नुसत्या सर्ट्रालिनचा परिणाम खोट्या गोळीइतकाच निघाला. थेरपी ज्यांना मिळाली त्यांचा फायदा मात्र टिक्समुळे कमी झाला नाही. टिक्सवाली मुले त्यात थोडीच होती, त्यामुळे यावरून गोळी फुकट असा अर्थ काढणारे चुकतात. पुढे नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या अभ्यासात एक उलट गोष्ट दिसली. थेरपीचा पहिला टप्पा पुरा करूनही ज्या मुलांना बरे वाटले नाही, त्यांच्यापैकी टिक्सवाल्यांना तीच थेरपी पुढे चालू ठेवण्यापेक्षा सर्ट्रालिनचा फायदा जास्त झाला. मी या दोन्हींतून क्रम घेतो: आधी थेरपी, ती नीट होऊनही अडले तर औषध. त्रास इतका असेल की मूल शाळेतच जात नाही, तर दोन्ही एकदम.

'अर्धवट वाटणे' असलेल्या मुलात ईआरपी थोडी वेगळी करावी लागते, आणि हे न कळणारा थेरपिस्ट गाडी तिथेच अडकवतो. "काय वाईट होईल असं वाटतं?" हा नेहमीचा प्रश्न इथे पोकळ ठरतो, कारण वाईट काही होणारच नसते. इथे सराव असतो तो अस्वस्थता अंगावर घेऊन बसण्याचा. एक ओळ मुद्दाम वाकडी लिहायची आणि पान उलटायचे. पेन्सिलीऐवजी पेन घ्यायचे, व्हाइटनर नाही. शेवटची पायरी डाव्या पायाने उतरायची आणि थेट खेळायला पळायचे. एका हाताने चौकटीला स्पर्श करायचा, दुसरा खिशात, आणि 'कसंतरी' शून्य ते दहामध्ये किती आहे ते दर दोन मिनिटांनी सांगायचे. सगळ्यांत सोप्यापासून सुरुवात. साधारण बारा ते वीस बैठका, पण खरे काम दोन बैठकांच्या मधल्या आठवड्यात, घरी होते.

टिक्ससाठीची थेरपी वेगळी आहे, तिला सीबीआयटी म्हणतात. तिचे मूळ एझरिन आणि नन यांच्या 1973 च्या सवय-बदलाच्या पद्धतीत आहे. टिक येण्याआधीची चाहूल ओळखायची आणि त्याच क्षणी तिच्याशी न जुळणारी हालचाल करायची. मान उडवण्यासाठी हनुवटी हलकेच खाली घेऊन मानेचे स्नायू ताठ धरायचे, खाकरण्यासाठी नाकाने संथ श्वास. 2010 मध्ये 126 मुलांवरच्या अभ्यासात सीबीआयटी मिळालेल्यांपैकी 53 टक्के सुधारले, नुसता आधार आणि माहिती मिळालेल्यांपैकी 19 टक्के. टिक दाबून ठेवली की नंतर उसळून दुप्पट येते हा समज बराचसा चुकीचा आहे, आणि टिकची जागा दुसरी टिक घेते हाही. मात्र मंत्रचळाच्या कृतीला असा हालचालींचा पर्याय देताना मी जपून असतो. हात लावण्याऐवजी मूठ आवळायला शिकवले तर दोन महिन्यांनी मूठही दोन्ही हातांची सारखीच आवळावी लागते, अशी मुले पाहिली आहेत. मधल्या गटातल्या कृतींत थोडा आधार म्हणून वापरावा आणि लवकर काढून घ्यावा.

दोन्ही एकदम सुरू करू नका. आधी ओसीडी. टिक्स साधारण दहा ते बारा या वयात सर्वांत जोरात असतात आणि पौगंडावस्थेत बहुसंख्य मुलांत बऱ्याच कमी होतात. तुमचा मुलगा आत्ता त्या शिखरावरच आहे. ओसीडीची लक्षणे टिक्सच्या शिखरानंतर साधारण दोन वर्षांनी कळस गाठतात आणि आपोआप ओसरतीलच याचा भरवसा नसतो. शिवाय मिचकावण्याचा त्रास मुलाला किती आणि पाहुण्यांना किती, हे प्रामाणिकपणे तपासा. बऱ्याच घरांत टिक्समुळे लाज वाटते ती आईवडिलांना. मुलगा मात्र सांगतो, "डोळ्यांचं काही नाही, ते विचार थांबवा." टिक्समुळे मान दुखत असेल, झोप मोडत असेल, वर्गात चेष्टा होत असेल तर गोष्ट वेगळी.

घरच्यांसाठी यात एक अवघड दुहेरी नियम येतो. टिककडे दुर्लक्ष करायचे, "पुरे कर" म्हणायचे नाही, कारण लक्ष दिले की ती वाढते. मंत्रचळाच्या कृतीकडेही ओरडून बघायचे नाही, पण तिला मदतही करायची नाही. सध्या तुम्ही त्याची वही तपासून "बरोबर आहे" म्हणत असाल, जिन्याशी थांबून पुन्हा उतरू देत असाल, आजी त्याच्यासाठी दार उघडून धरत असेल. हे सगळे मायेपोटी, आणि हे सगळे ओसीडीला खतपाणी. पण उद्या सकाळी एकदम बंद करू नका. त्याला आधी सांगा: सोमवारपासून वहीबद्दल मी दिवसातून एकदाच उत्तर देईन, त्यानंतर म्हणेन, तुला येतं ते सहन करायला. एका वेळी एकच मदत काढा. आणि घरात सगळ्यांचे एकमत करा. आई नाही म्हणते आणि आजी हो म्हणते तिथे ही थेरपी चालत नाही.

औषधांबद्दल. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवॉक्सामिन ही एसएसआरआय गटातली औषधे मुलांच्या ओसीडीत पहिली. ओसीडीला नैराश्यापेक्षा बरेचदा जास्त डोस लागतो, म्हणून 20 वरून वाढवण्याचा निर्णय डॉक्टर घेतील तो घाबरण्यासारखा नाही. सुरुवातीच्या आणि प्रत्येक वाढीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मूल अचानक चुळबुळे, चिडके झाले, झोप उडाली किंवा जगण्याबद्दल निराशेचे बोलू लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. पंचविशीच्या आतल्यांसाठी हा इशारा अमेरिकेत या औषधांच्या वेष्टनावरच असतो. त्या चुळबुळीला काही वेळा 'टिक्स वाढल्या' असे समजले जाते, तेही सांगा. क्लोमिप्रामिन जुने आणि प्रभावी आहे, पण ईसीजीशिवाय नको, आणि मी ते पहिल्या पंक्तीत बसवत नाही.

एसएसआरआय पुरेशा डोसवर, पुरेसे दिवस, थेरपीसोबत देऊनही अडले तर टिक्सवाल्या रुग्णांत एक दार उघडे असते, जे इतरांत तितके उघडत नाही. 1994 मध्ये येल विद्यापीठातील मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी फ्लुवॉक्सामिनने न सुधारलेल्या 34 जणांपैकी निम्म्यांना जोडीला हॅलोपेरिडॉल हे टिक्सचे जुने औषध आणि निम्म्यांना खोटी गोळी दिली. हॅलोपेरिडॉलच्या गटात टिक्स असलेले आठ जण होते, आठही सुधारले. खोट्या गोळीवर कोणीच नाही. तो अभ्यास छोटा होता, पण पुढच्या अभ्यासांची गोळाबेरीज त्याच दिशेची आहे. एकूण रुग्णांत अशी जोड साधारण तिघांपैकी एकाला उपयोगी पडते, टिक्स असतील तर त्याहून जास्त जणांना. आज हॅलोपेरिडॉलऐवजी रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल अगदी लहान मात्रेत वापरतात. फायदा दुहेरी, कारण यांनी टिक्सही उतरतात.

सुस्त होण्याची भीती म्हणाल तर ती निराधार नाही. जुन्या काळच्या हॅलोपेरिडॉलच्या डोसवर मुले खरोखर गुंगत. आजच्या मात्रेत जास्त काळजी वजनाची. रिस्पेरिडोनवर भूक सुटते, म्हणून सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि चरबी तपासून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा. अ‍ॅरिपिप्राझोलने वजन कमी वाढते, पण काहींना एका जागी बसवत नाही. एक मुद्दा तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचा: फ्लुऑक्सेटिन यकृतातले जे विकर अडवते, त्यानेच ही दोन्ही औषधे शरीरातून जातात. सोबत दिली तर त्यांचे रक्तातले प्रमाण वाढते, अ‍ॅरिपिप्राझोल तर निम्म्या डोसवर ठेवावे लागते. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय काहीही नवे घेऊ नका. पिमोझाइड या टिक्सच्या जुन्या औषधाचे नाव निघाले तर विशेष जपा. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम किंवा साध्या घशाच्या संसर्गासाठी दिलेले क्लॅरिथ्रोमायसिन यांच्यासोबत ते हृदयाच्या ठोक्यांना धोक्याचे आहे.

क्लोनिडीन टिक्सना आणि एडीएचडीला उपयोगी, ओसीडीला नाही. ते अचानक बंद केले तर रक्तदाब उसळतो. मुलगा मुळातच चंचल असेल, थेरपीचा गृहपाठ विसरत असेल, तर एडीएचडी तपासून घ्या. टिक्स आहेत म्हणून मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचे औषध नाकारण्याची जुनी पद्धत आता टिकत नाही. 2002 मध्ये 136 मुलांवरच्या अभ्यासात त्याने सरसकट टिक्स वाढल्याचे दिसले नाही.

घसा सुजून ताप आल्यावर एका रात्रीत सगळे सुरू झाले असते तर मी वेगळ्या दिशेने, संसर्गामुळे हे झाले का याचा, विचार केला असता. तुमच्याकडे पाच वर्षांत हळूहळू वाढले आहे, त्यामुळे महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा.

टिक्स लाटेसारख्या वर-खाली होतात. परीक्षा, गणपतीतली गर्दी, आजारपण, कधी नुसता आनंद, यांत त्या वाढतात आणि मग आपोआप उतरतात. वाढलेल्या आठवड्यात औषध बदलले की उतरण्याचे श्रेय त्या बदलाला मिळते आणि पुढच्या लाटेला पुन्हा बदल. असे करत चार गोळ्यांवर आलेली मुले मी पाहतो. दर रविवारी वहीत दोनच आकडे लिहा: या आठवड्यात कृतींत रोज सरासरी किती वेळ गेला, आणि टिक्सचा त्रास दहापैकी किती. दोन्ही वेगळे. डॉक्टरांकडे दोन्हींच्या मोजपट्ट्या असतात, ओसीडीसाठी सीवायबॉक्स आणि टिक्ससाठी येल स्केल. त्या भरून घ्यायला सांगण्यात संकोच नको.

थेरपिस्ट शोधताना 'समुपदेशन करतो' एवढ्यावर थांबू नका. विचारा: बैठकीत प्रत्यक्ष सराव करून घेता का? आम्हाला घरी काय करायचे ते शिकवता का? 'भीती नाही, नुसते अर्धवट वाटते' अशा मुलासोबत काय करता? तिसऱ्या प्रश्नावर समोरची व्यक्ती गोंधळली तर पुढचे नाव बघा. गावात कोणी नसेल तर व्हिडिओवरून या दोन्ही थेरपी चालतात. ब्रिटनमध्ये 2021 साली 224 मुलांवर ऑनलाइन दिलेल्या, टिक्ससाठी बेतलेल्या ईआरपीचाही (चाहूल सोसायची, टिक करायची नाही) फायदा दिसला आहे. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. जवळ कोण आहे हे कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी द्या: खाकरणे आणि मान उडवणे हा व्रात्यपणा नाही, त्याबद्दल टोकू नये. पहिल्या बाकावर बसवण्याचा आग्रह नको, मागचे सगळे बघत राहतात. कडेला बसवा. खोडून लिहिण्याबद्दल मात्र शिक्षकांनी स्वतःहून सवलत किंवा शिक्षा काहीही ठरवू नये, थेरपिस्टशी बोलून ठरवावे.

आठव्या आठवड्याला डॉक्टरांकडे जाल तेव्हा रविवारची वही न्या आणि तीन गोष्टी विचारा: कृतींचा वेळ कमी झाला नसेल तर डोस कुठवर वाढवायचा, ईआरपीसाठी कोणाकडे पाठवता, आणि दुसरे औषध जोडायचेच झाले तर फ्लुऑक्सेटिनसोबत त्याची मात्रा किती. तिसरा प्रश्न पहिल्या दोघांचे काम पुरे होईपर्यंत कागदावरच राहू द्या.